'बेलफास्ट' : एका गल्लीचे बालपण आणि न सांगितलेली घरे

केनेथ ब्रॅना यांचा 'बेलफास्ट' हा चित्रपट २०२१ साली प्रदर्शित झाला आणि २०२२ मध्ये त्यास मूळ पटकथेसाठीचे ऑस्कर पारितोषिक लाभले. ब्रॅना यांचा जन्म १९६० चा, बेलफास्टचाच. वयाच्या नवव्या वर्षी दंगलींमुळे त्यांच्या कुटुंबाने ते शहर सोडले व ते इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. हा चित्रपट म्हणजे त्या नऊ वर्षांच्या मुलाने मागे वळून पाहिलेले आपले शहर होय. त्याची समीक्षा आपल्या पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच. तूर्त एवढेच नमूद करतो की, जन्माने मिळालेल्या नावावरून माणसाचा पक्ष ठरविणाऱ्या समाजात मूल कसे वाढते, हा या चित्रपटाचा विषय आहे. आणि त्या प्रश्नाशी आपला परिचय जुना आहे.

चित्रपटाचा आरंभ आजच्या बेलफास्टच्या रंगीत दृश्यांनी होतो. कॅमेरा एका भिंतीवरून वर चढतो आणि पलीकडे उतरताच पडदा कृष्णधवल होतो. तारीख आहे १५ ऑगस्ट १९६९. लाकडी तलवार व कचऱ्याच्या डब्याचे झाकण ढाल म्हणून घेतलेला बडी नावाचा मुलगा गल्लीत खेळतो आहे. आई त्याला हाक मारते; ती हाक एका शेजाऱ्याकडून दुसऱ्याकडे अशी गल्लीभर पोहोचते. घरी परतणारा बडी कोपऱ्यावर थबकतो. समोर जमाव उभा आहे. पुढच्या काही क्षणांत कॅथलिक शेजाऱ्यांच्या घरांच्या काचा फुटतात, एका मोटारीचा स्फोट होतो, आणि मघाशी खेळातली ढाल असलेले ते झाकण हाती धरून आई दगडांच्या वर्षावातून मुलाला घरात नेते. सगळ्या चित्रपटातील हे सर्वांत प्रभावी दृश्य आहे, असे माझे मत आहे. खेळ आणि दंगल यांत एकाच वस्तूचा उपयोग होतो. त्यावर दिग्दर्शक काहीही भाष्य करीत नाही, आणि ते त्याने केले नाही हेच बरे झाले.

बडीचे कुटुंब प्रोटेस्टंट आहे, म्हणजे हल्लेखोरांच्या बाजूचे. ही गोष्ट प्रथमदर्शनीच लक्षात ठेवली पाहिजे. पुढील सर्व गुणदोष तिच्यातूनच उद्भवतात.

उत्तर आयर्लंड हा स्वतंत्र प्रांत १९२१ मध्ये निर्माण झाला. संपूर्ण आयर्लंडला स्वराज्य मिळाल्यास आपण कॅथलिक बहुसंख्येच्या हाती पडू, अशी अल्स्टरच्या प्रोटेस्टंटांची भीती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानविषयीच्या आपल्या ग्रंथात (प्रथमावृत्ती १९४०) या प्रसंगाचा दाखला दिला आहे. आयरिश राष्ट्रवादी नेते रेडमंड यांनी अल्स्टरचे पुढारी कार्सन यांना प्रोटेस्टंटांसाठी हवी ती संरक्षणे मागून घेण्यास सांगितले, तेव्हा कार्सन यांनी ती संरक्षणे झिडकारली व आम्हांला तुमचे राज्यच नको, असे उत्तर दिले. बाबासाहेबांचा रोख अर्थातच भारतातील तत्कालीन पेचाकडे होता. परंतु त्या कथेचा उत्तरार्ध १९२१ नंतर घडला. ज्यांना अल्पसंख्य म्हणून राहणे मंजूर नव्हते, त्यांनी आपल्यापुरता जो प्रांत मिळविला त्यात कॅथलिकांना कायमचे अल्पसंख्य करून ठेवले. १९२१ पासून १९७२ पर्यंत तेथे एकाच पक्षाची अखंड सत्ता होती. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत स्थानिक निवडणुकांतून १९२२ मध्ये व प्रांतिक संसदेतून १९२९ मध्ये काढून टाकण्यात आली. डेरी शहरात कॅथलिकांची लोकसंख्या अधिक, परंतु प्रभागांच्या सीमा अशा आखलेल्या की नगरपालिका प्रोटेस्टंट पक्षाकडेच राहावी. राजकीय बहुमत बदलू शकते, जमातीचे बहुमत जन्मानेच ठरलेले असते, हा बाबासाहेबांनी वारंवार स्पष्ट केलेला भेद ज्याला उदाहरणाने समजून घ्यावयाचा असेल, त्याने या प्रांताचा इतिहास अवश्य पाहावा.

या व्यवस्थेची कळ होती घरात. स्थानिक निवडणुकीत मताचा अधिकार घरपट्टी भरणाऱ्या कुटुंबप्रमुखाला व त्याच्या जोडीदाराला होता. पोटभाडेकरू, आईवडिलांकडे राहणारी सज्ञान मुले यांना तो नव्हता. म्हणजे नगरपालिकेने एखाद्या कॅथलिक कुटुंबाला घर दिले, तर त्याबरोबर दोन मतेही दिली. घरे का दिली जात नसत, हे यावरून उघड होते. जून १९६८ मध्ये टायरोन परगण्यातील कॅलेडन या खेड्यात मुलेबाळे असलेली कॅथलिक कुटुंबे घरासाठी ताटकळत असताना एकोणीस वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट तरुणीला घर देण्यात आले. ऑस्टिन करी या लोकप्रतिनिधीने त्या घरात शिरून ठाण मांडले. नागरी हक्कांच्या चळवळीला तेथून वेग आला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्यापासून तिने प्रेरणा घेतली होती आणि तिची मुख्य मागणी 'एक माणूस, एक मत' एवढीच होती. ऑक्टोबर १९६८ मध्ये डेरी येथील मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या, आणि पुढील ऑगस्टमध्ये बेलफास्ट पेटले.

ब्रॅना यांच्या चित्रपटात यांपैकी काय आहे? जवळजवळ काहीच नाही. दूरचित्रवाणीवरील बातम्यांचे तुकडे कानी पडतात, लष्कराचे जवान दिसतात, गल्लीच्या तोंडाशी अडथळे उभे राहतात. पण शेजारच्या कॅथलिकांना नेमके काय हवे होते, ते कशासाठी रस्त्यावर आले होते, हे चित्रपटातील एकही पात्र उच्चारीत नाही. हल्ला कोठून तरी येतो, वादळ यावे तसा. काही माथेफिरू गुंड आहेत, बाकी सर्व माणसे भली आहेत. गुंड नसते तर गल्ली सुखी होती. अशी मांडणी आपण पुष्कळ वेळा ऐकली आहे. गावात सारे गुण्यागोविंदाने नांदत होते, बाहेरच्यांनी येऊन बिघडविले, हे वाक्य अत्याचारानंतर गावातील कोण बोलतो आणि कोण बोलत नाही, याचा अनुभव वाचकांना असेलच.

१५ ऑगस्ट १९६९ या तारखेला बेलफास्टमध्ये आणखी काय घडले ते सांगितले पाहिजे. शहराच्या पश्चिम भागात क्लोनार्ड वस्तीत 'बॉम्बे स्ट्रीट' नावाचा रस्ता आहे. त्याच्या परिसरात काश्मीर, कानपूर, लखनौ यांची नावे दिलेले रस्तेही आहेत. साम्राज्याच्या वैभवकाळात ती दिली गेली. आपल्या मुंबईचे नाव लावणारा हा कॅथलिकांचा रस्ता त्या दिवशी जाळण्यात आला. योगायोग असा की, तो आपला स्वातंत्र्यदिन. आदल्या रात्री डिव्हिस वसाहतीत पोलिसांच्या चिलखती गाडीवरील मशिनगनची गोळी भिंत भेदून आत शिरली आणि आपल्या खोलीत असलेला एक कॅथलिक मुलगा ठार झाला. त्याचे वय नऊ वर्षे होते. त्या उन्हाळ्यात बेलफास्टमधून सुमारे अठराशे कुटुंबांना घरे सोडावी लागली, त्यांपैकी पंधराशेहून अधिक कॅथलिक होती. नऊ वर्षांच्या बडीची गोष्ट खरीच आहे. परंतु त्याच शहरात, त्याच दिवसांत दुसऱ्याही नऊ वर्षांच्या मुलाची गोष्ट होती आणि ती सांगणारा उरला नाही. चित्रपटाची प्रशंसा करताना एवढे भान समीक्षकांनी ठेवावयास हवे होते.

तथापि, येथेच थांबून चित्रपटास दोषी ठरविणे न्यायाचे होणार नाही. ब्रॅना यांनी इतिहास लिहावयास घेतलेला नाही. त्यांनी मुलाची नजर पत्करली आहे आणि त्या नजरेशी ते बहुतांशी प्रामाणिक राहिले आहेत. छायालेखक हॅरिस झांबारलूकोस यांचा कॅमेरा खिडकीच्या, दाराच्या, जिन्याच्या फटीतून पाहतो. मोठ्यांची भांडणे मुलांच्या कानी पडावीत तशी अर्धवट पडतात. करांची थकबाकी, बापाची इंग्लंडमधील सुतारकामाची नोकरी, पंधरवड्याने होणाऱ्या त्याच्या भेटी, आईचे बिलांवरून वैतागणे, या साऱ्यांतून एका कामगार घराचे अर्थकारण उभे राहते. जूडी डेंच व किअरन हाइंड्स यांनी साकारलेले आजीआजोबा तर अविस्मरणीय आहेत. बडीच्या वर्गात गुणांच्या क्रमाने बाके बदलतात. त्याला आवडणारी कॅथरीन ही हुशार मुलगी पुढच्या बाकावर बसते, म्हणून तो गणित सुधारू पाहतो. आजोबा त्याला युक्ती सांगतात : आकडा असा काढ की मास्तरांना तो एक वाटेल किंवा सातही वाटेल, संशयाचा फायदा तुला मिळेल. हे दृश्य मी तीनदा पाहिले आणि तिन्ही वेळा हसलो. पालीच्या उत्तरपत्रिका तपासताना ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत हीच युक्ती करणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात.

एक आक्षेप मात्र येथे घ्यावा लागतो. कॅथरीन कॅथलिक आहे. त्या काळी उत्तर आयर्लंडमध्ये दोन्ही पंथांच्या मुलांच्या शाळा बहुतांशी वेगळ्या होत्या. दोहोंना मुद्दाम एकत्र शिकविणारी पहिली शाळा, लॅगन कॉलेज, १९८१ मध्ये निघाली. अपवाद असू शकतात. परंतु पंथभेद ज्या भिंतीने पिढ्यान्‌पिढ्या टिकविला ती शाळेची भिंतच पटकथेने सहज पुसून टाकली आहे.

नावांसंबंधीचा प्रसंग चित्रपटात लहानसा आहे, पण माझ्या दृष्टीने तो त्याचा गाभा आहे. समोरचा मनुष्य कॅथलिक की प्रोटेस्टंट हे ओळखावयाचे कसे, असा प्रश्न बडीला पडतो. थोराड मुलगी मोइरा त्याला समजावते की नावावरून ओळखायचे. अमुक नावे त्यांची, तमुक आपली. मुलांची ती चर्चा हळूहळू हास्यास्पद होत जाते, कारण नियम कोठेच नीट लागू पडत नाही. प्रेक्षक हसतात. मला मात्र महाविद्यालयाच्या वसतिगृहातील पहिला दिवस आठवला. खोली वाटून देणाऱ्या गृहस्थांनी नाव विचारले, मग पूर्ण नाव, मग गाव, आणि तेवढ्यानेही उलगडा होईना तेव्हा गावात घर कोणत्या बाजूला, असे विचारले. त्यांच्या स्वरात कोठेही द्वेष नव्हता. एखादा रकाना भरावयाचा राहिला असावा, इतकीच चिकाटी होती. बडी आणि मोइरा हाच रकाना भरावयास शिकत आहेत.

सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात दोन तरुण ब्राह्मण हाच प्रश्न घेऊन भगवंतांकडे येतात. ब्राह्मण जन्माने ठरतो की कर्माने? उत्तरादाखल भगवंत गवत, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी अशी मालिका सांगतात. त्या त्या जातीची चिन्हे तिच्या देहावरच असतात. माणसांत तसे चिन्ह शोधून सापडत नाही, माणसांतील भेद हा केवळ 'समञ्ञा' म्हणजे लोकसंज्ञा आहे. या सुत्ताचा अर्थ आपण एरवी समतेचा उपदेश म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात आणखी एक सूक्ष्म निरीक्षण आहे. देहावर चिन्ह नसल्यामुळेच समाजाला ते नावावर, गल्लीवर, शाळेवर, उच्चारावर चढवावे लागते, आणि दर पिढीतील मुलांना ते वाचावयास शिकवावे लागते. ब्रॅना यांनी ते शिकविण्याचा क्षण पकडला आहे, हे त्यांचे श्रेय.

श्रेयनामावलीत बडीच्या वडीलधाऱ्यांना 'मा', 'पा', 'ग्रॅनी', 'पॉप' एवढीच नावे आहेत. उलट, गुंडांच्या म्होरक्याचे नाव आहे बिली क्लँटन आणि त्याच्या साथीदाराचे मॅक्लॉरी. १८८१ मध्ये अमेरिकेतील टूमस्टोन गावी झालेल्या प्रसिद्ध गोळीबारात जे मारले गेले, त्यांची ही नावे. अर्थात बडीच्या डोक्यातील खलनायक दूरचित्रवाणीवरील काउबॉयपटांतून आलेले आहेत. मुलाच्या मनाचे चित्रण म्हणून हे मार्मिक आहे. पण मोठेपणी दिग्दर्शक झालेल्या माणसाने तोच काउबॉयपट आपला निष्कर्ष म्हणून स्वीकारला की काय, अशी शंका शेवटाकडे येऊ लागते.

क्लँटन बडीच्या बापाला बजावतो : पैसे दे किंवा आमच्यात सामील हो. जेमी डॉर्नन यांनी हा बाप संयमाने उभा केला आहे. तो ना पैसे देतो, ना सामील होतो. हे दृश्य पाहताना 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचकाला रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात झालेला कलह आठवल्याशिवाय राहणार नाही. बाबासाहेबांच्या मांडणीनुसार सिद्धार्थ युद्धाच्या ठरावाला विरोध करतो, लवाद नेमण्याची सूचना मांडतो, बहुमत त्याच्या विरुद्ध जाते. सैन्यात भरती होण्यास नकार दिल्यावर त्याच्यापुढे देहदंड किंवा देशत्याग, कुटुंबाच्या जमिनींची जप्ती व सामाजिक बहिष्कार हे पर्याय उभे राहतात, आणि तो परिव्रज्या स्वीकारतो. आपल्याच बाजूच्या हिंसेला नकार देणाऱ्याला घर सोडावे लागते, हा या दोन्ही कथांतील समान धागा आहे. साम्य याहून ताणू नये. कलह मिटल्याची वार्ता कळल्यावरही सिद्धार्थ परतत नाही. एका नदीपुरता प्रश्न मिटला तरी कलहाचे मूळ शोधणे बाकी आहे, असे तो मानतो. बडीचा बाप घर, पगार व मुलांची सुरक्षितता यांसाठी जातो. दोन मुलांच्या सुतार बापाकडून अधिक काय अपेक्षावे? मात्र कलहाचे मूळ शोधण्याची जबाबदारी पात्राची नसली तरी चित्रपटाची होती.

दुसऱ्या दंगलीत बडी मोइराच्या नादाने लुटल्या जाणाऱ्या दुकानात शिरतो आणि धुण्याच्या पावडरचा डबा उचलून आणतो. आई संतापते व दंगल चालू असतानाच त्याला ओढत तो डबा परत ठेवावयास नेते. कट्रीना बाल्फ यांचा अभिनय येथे फार उंचीवर जातो. चोरीचा माल घरात नको, हा तिचा बाणा आपल्या वस्त्यांतील कोणत्याही आईचा असावा तसा आहे, आणि त्यासाठी ती मुलाला जाळपोळीत नेते हा अविवेकही तितकाच खरा वाटतो. पण नंतर क्लँटन तिला व बडीला ओलीस धरतो, बाप नेम धरून त्याच्या हातातील पिस्तूल उडवितो, आणि पार्श्वभूमीला 'हाय नून' या जुन्या काउबॉयपटाचे गीत वाजते. त्या क्षणी गल्लीतील माणसे पुसट होतात आणि उरतो तो नायकाचा नेम. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मधील जब्याने अखेरीस भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकांकडे येतो आणि कोणाचेही समाधान करीत नाही. बेलफास्टमधील नेम सर्वांचे समाधान करतो.

याउलट, निरोपाच्या वेळचा एक संवाद अतिशय साध्या रीतीने लिहिला आहे. कॅथरीन कॅथलिक असल्याने आपले तिच्याशी पुढे जमेल का, असे बडी विचारतो. बाप म्हणतो, ती कोणत्याही धर्माची असो (या यादीत तो हिंदूचेही नाव घेतो), दयाळू आणि न्यायी असेल, तुम्ही एकमेकांचा मान राखत असाल, तर तिला आणि तिच्या माणसांना आपल्या घराचे दार उघडे आहे. 'तिच्या माणसांना' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आंतरजातीय विवाहात मुलगी चालते, तिची माणसे चालत नाहीत, हे आपण पाहिलेले आहे. खंत एवढीच की, हे दार उघडण्याचे वचन बाप घर सोडून जाताना देतो.

सईद अख्तर मिर्झा यांच्या 'नसीम' (१९९५) ची येथे तुलना करण्याजोगी आहे. मुंबईतील मुस्लिम कुटुंब, शाळकरी नसीम, अंथरुणाला खिळलेले आजोबा (कैफी आझमी), आणि १९९२ च्या जूनपासून ६ डिसेंबरपर्यंतचा काळ. तेथेही आजोबा गोष्टी सांगतात व अखेरीस मरण पावतात. तेथेही घरातील दूरचित्रवाणी बाहेरची बातमी आत आणते. फाळणीच्या वेळी पाकिस्तानात का गेला नाहीत, या प्रश्नाला आजोबांचे उत्तर असे की, तुझ्या आईला आग्र्याच्या घरापुढचे झाड आवडत होते. बडीच्या कुटुंबाला जाण्यासाठी इंग्लंड होते, पगार होता, घर मिळणार होते. नसीमच्या कुटुंबाला असे कोठेही जावयाचे नव्हते. म्हणूनच 'नसीम'मध्ये गुंड जवळजवळ दिसतच नाहीत आणि तरीही भीती प्रत्येक खोलीत असते. ज्याच्यावर हल्ला होतो त्याला ती दाखविण्यासाठी पिस्तूल लागत नाही.

'बेलफास्ट'च्या अखेरीस बडीचे कुटुंब बसमध्ये बसते. आजोबा आता नाहीत. आजी त्यांना जावयास सांगते, मागे वळून पाहू नका म्हणते, आणि दाराच्या काचेमागे एकटीच उभी राहते. जे राहिले, जे गेले व जे नाहीसे झाले, त्या सर्वांना चित्रपट अर्पण केला आहे. राहिलेल्यांची कथा त्यानंतर तीस वर्षे चालली. १९९८ च्या करारापर्यंत सुमारे साडेतीन हजार माणसे मारली गेली. बॉम्बे स्ट्रीट रहिवाशांनी पुन्हा उभारला. तेथील घरांच्या मागे दोन वस्त्यांना विभागणारी भिंत आहे. अशा भिंती २०२३ पर्यंत काढून टाकण्याचे आश्वासन प्रांतिक सरकारने २०१३ मध्ये दिले होते. ती मुदत उलटून गेली; पलीकडून दगड येऊ नयेत म्हणून बॉम्बे स्ट्रीटच्या मागील अंगणांवर बसविलेल्या लोखंडी जाळ्या मात्र निघालेल्या नाहीत.